सुकन्याचा लॅपटॉप, महादेवी मॅडमचा डबा

उसनं आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे महादेवी मॅडमना कुणी बसवून शिकवलं नव्हतं. उदगीरच्या माहेरी आई तसंच करायची आणि अहमदपूरच्या सासरी पारूबाई अजून तसंच करतात. शेजारणीचं पातेलं परत जाताना त्याच्या तळाशी निदान मूठभर शेंगदाणे तरी जातातच. भोकरला भाड्याच्या खोलीत एकट्या राहूनही मॅडमनी हा नेम मोडला नाही. त्यामुळे सुकन्याचा लॅपटॉप परत करायची वेळ आली तेव्हा त्यांना भलताच पेच पडला. लॅपटॉपमध्ये भरायचं काय?

शेवटी शुक्रवारी शाळेतून आल्या आल्या त्यांनी शेंगदाणे भाजले, कुटले, गुळात मळले आणि शेंगापोळ्या लाटायला घेतल्या. लग्नात आहेर आलेला, झाकणावर ‘सौ. महादेवी उमाशंकर, अहमदपूर’ असं नाव घातलेला स्टीलचा डबा काढला. पोळ्या मोडू नयेत म्हणून प्रत्येकीच्या मध्ये कागद घातला. मग लॅपटॉपची बॅग खांद्याला, डबा हातात, अशा त्या मागच्या गल्लीत गेल्या आणि सुकन्याला दोन्ही वस्तू देऊन आल्या. सगळं रीतसर झालं. फक्त लॅपटॉपमधून स्वतः बाहेर पडायचं तेवढं राहिलं.

महादेवी मॅडम जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. शाळा नांदेड जिल्ह्यात, भोकरपासून आत एका गावात. घर लातूर जिल्ह्यात, अहमदपूरला. नोकरी लागली तेव्हा सगळे म्हणाले होते, दोन-तीन वर्षांत बदली होऊन जाईल. म्हणणाऱ्याचं काय जातं? उमाशंकरांचं अहमदपूरच्या मोंढ्यात बी-बियाण्यांचं दुकान आहे, ते उचलून भोकरला आणता येत नाही, आणि सरकारी शाळा उचलून अहमदपूरला नेता येत नाही. म्हणून मग मॅडमच इतकी वर्षं उचलल्या जाताहेत. शनिवारी दुपारी एसटीने तिकडे, सोमवारी पहाटे एसटीने इकडे. नांदेडचा बसस्टँड त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त पाठ आहे.

त्यांची मुलगी शिवांगी तान्ही होती तेव्हा त्यांच्याजवळ भोकरलाच असायची. शाळेत घालायची वेळ आली तशी तिला आजीजवळ ठेवली. सुरुवातीला सोमवारी पहाटे ती झोपेतसुद्धा आईचा पदर मुठीत धरून ठेवायची. पारूबाई एकेक बोट सोडवायच्या तेव्हा मॅडमना निघता यायचं. आठवडाभर फोनवर एकच प्रश्न, “आई, कधी येतेस?” मॅडमना तो प्रश्न नको नको व्हायचा. आणि मग कधीतरी तो प्रश्न बंद झाला. नेमका कधी, ते त्यांना सांगता येत नाही. आता शिवांगी सातवीत आहे. फोनवर “हं”, “जेवले”, “आजीला देऊ का” एवढंच बोलते. सोमवारी पहाटे कूस बदलून झोपते. लोक म्हणतात, पोर किती शहाणी आहे. त्या शहाणपणाचं मॅडमना जेवढं भय वाटतं तेवढं साहेबांच्या तपासणीचंही वाटत नाही.

तर यंदा आंतरजिल्हा बदल्यांचं पोर्टल उघडलं. ज्याने त्याने आपला नंबर आणि पासवर्ड घालून आत जायचं, अर्ज भरायचा, कुठली गावं हवीत ती क्रमाने टाकायची. शेवटच्या घटकेपर्यंत त्यात बदल करता येणार, अर्ज मागेही घेता येणार. लातूरकडे जायला टपलेले ढीगभर आणि जागा मोजक्या. शाळेतल्या संगणकाचं म्हणाल तर लाईट असते तेव्हा नेट नसतं, आणि नेट असतं तेव्हा त्याच्या खोलीची किल्ली मुख्याध्यापकांच्या दुसऱ्या पँटमध्ये असते. सुकन्याच पुढे होऊन म्हणाली, “माझा न्या की मॅडम. निवांत भरा. मला आत्ता लागत न्हाई.”

सुकन्या त्याच शाळेत, मॅडमपेक्षा चार-पाच वर्षांनी लहान. लग्न केलेलं नाही. तिचं गाव अहमदपूर तालुक्यातच. वडील आप्पासाहेब अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले, आई साखराबाई शेत आणि दुखणं दोन्ही एकटीने रेटतेय, आणि मागेपुढे या लेकीशिवाय कुणी नाही. म्हणजे लातूर तिलाही हवं होतं. दोघी मधल्या सुट्टीत एकाच सतरंजीवर बसून एकमेकींची भाजी खात, पण बदलीचा विषय निघाला की दोघींनाही एकदम भाजीत मीठ किती पडलंय ते तपासावंसं वाटे. मोजक्या जागांच्या रांगेत आपण एकीमागे एक उभ्या आहोत, हे दोघींनाही ठाऊक होतं. बोललं कुणीच नाही.

लॅपटॉप देताना सुकन्याने त्याला कुलूप-किल्ली काही नाही, उघडला की सुरू होतो, हे सांगितलं. “आन् पासवर्डचं मला इचारू नका. मला एकबी ध्यानात राहत न्हाई. सगळे ह्यालाच ठावं हायत,” असं म्हणून तिने लॅपटॉपवर टिचकी मारली होती. मॅडम अर्ज भरायला बसल्या तेव्हा पोर्टलवर नंबर घालायच्या चौकोनात बोट लागताच सुकन्याचा नंबर आपोआप वर आला होता. मॅडमनी त्याखाली आपला घातला. पुढे काहीतरी विचारणारी चौकट आली, पासवर्ड जपून ठेवू का म्हणून. सरकारी कामात कुठल्याही चौकटीला हो म्हटल्याशिवाय पुढे जाता येत नाही, असा मॅडमचा अनुभव. त्या हो म्हणाल्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटली आणि मॅडम नेहमीप्रमाणे भोकरहून नांदेडच्या बसमध्ये बसल्या. संध्याकाळी सहाला पोर्टल बंद होणार होतं. अर्ज भरून झालेला, लॅपटॉप परत दिलेला, खिडकीजवळची जागा मिळालेली. इतकं सुख एका दिवशी पचणार कसं? मुदखेडच्या अलीकडे मोबाइल वाजला. शिक्षकांच्या ग्रुपवर मल्लिनाथ सरांचा निरोप होता. हे सर सकाळी फुलांचे फोटो पाठवतात आणि उरलेला दिवस लोकांना घाबरवतात. त्यांनी लिहिलं होतं की, कुठल्याशा तालुक्यात एका शिक्षिकेने दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर अर्ज भरला, लॉगइन तसंच ठेवलं, आणि कुणीतरी आत शिरून तिचा अर्ज मागे घेतला. तेव्हा ज्यांनी ज्यांनी उसन्या कॉम्प्युटरवर अर्ज भरलाय त्यांनी आपला पासवर्ड तिथून ताबडतोब पुसून टाकावा. खाली पुसायचं कसं त्याचा व्हिडिओही होता.

मॅडमनी निरोप दोनदा वाचला. त्यांनी आधी स्वतःला समजावलं की सुकन्या तसली नाही. मग वाटलं, ती नसेल, पण तिच्याकडून लॅपटॉप कुणी घेतला तर? मग वाटलं, ती तरी का नसेल? बाप अंथरुणात, आई एकटी. माणूस किती दिवस चांगलं राहतं? आपल्या मनात हे आलं याची त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटूनही ते मनातून जाईना. अर्ज मागे घ्यायचा म्हणजे एक बोट लावायचं काम. मग शिवांगी आठवीत जाईल, दहावीत जाईल, लग्न होऊन जाईल, आणि आपण अजून नांदेडच्या फलाटावर.

त्यांनी मोबाइलवरून पोर्टल उघडायचा प्रयत्न केला, निदान पासवर्ड तरी बदलावा म्हणून. शेवटचा दिवस. सगळा महाराष्ट्र त्यावर तुटून पडला असावा. गोल फिरत राहिलं. गाडी मुदखेड सोडून पुढे गेली तरी ते फिरतच होतं. मग त्यांनी सुकन्यालाच फोन लावला. वडिलांना भरती केलं म्हणून ती रजा टाकून सकाळीच नांदेडच्या दवाखान्यात आली होती.

“हाव मॅडम, बोला.”

मॅडमनी आप्पासाहेबांची तब्येत विचारली. डॉक्टर काय म्हणाले ते विचारलं. साखराबाई जेवल्या का ते विचारलं. पोळ्या मऊ राहिल्या का तेही विचारलं. जे विचारायचं होतं ते ओठांपर्यंत येऊन तीनदा मागे गेलं. जिने न मागता वस्तू हातात ठेवली, तिला कोणत्या तोंडाने सांगायचं की माझं तेवढं आधी पुसून टाका? सुकन्या वॉर्डचा नंबर सांगून म्हणाली, “काळजी नका करू,” आणि फोन बंद झाला. काळजी नेमकी तिचीच होती, हे तिला कोण सांगणार?

नांदेडला उतरल्यावर अहमदपूरची गाडी समोर उभी होती. मॅडम तिच्याकडे न जाता रिक्षात बसल्या. पेशंटला बघायला जाणं ही काही वाईट गोष्ट नाही, असं त्या स्वतःला सांगत होत्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून वाटेत मोसंबी घेतली. ज्या बाईवर संशय घेऊन चाललोय तिच्या वडिलांसाठी मोसंबी त्यांनी एकेक दाबून, निवडून निवडून घेतली.

वॉर्डात आप्पासाहेब झोपले होते. साखराबाई खाली सतरंजीवर बसलेल्या. खाटेजवळच्या कपाटावर मॅडमचा डबा होता, निम्मा झालेला, आणि त्याला टेकून लॅपटॉपची बॅग.

“या बाई, या. ह्या पोळीनं लई दिसांनी ह्यांच्या तोंडाला चव आली बघा. उलशीक भिजवून दिली तर सगळी खाल्ली.” साखराबाईंनी सरकून जागा केली. “सुकी डाक्टरच्या सहीला खाली गेलीया. ह्यांच्या दुखण्याचा कागद पायजे म्हणं बदलीला.”

मॅडम बसल्या. “मावशी, माझं एक काम राहिलंय त्या लॅपटॉपमध्ये. उघडू का जरा?”

“घ्या की. त्यात काय इचारायचं?”

हेही मॅडमना लागलंच. पण हात थांबले नाहीत. त्यांनी लॅपटॉप मांडीवर घेतला, मोबाइलवर मल्लिनाथ सरांचा व्हिडिओ आवाज बंद करून लावला. तीन टिंबांवर जा, अमुक उघडा, तमुक दाबा. मग खुणा लावायच्या चौकटींची एक रांग आली. व्हिडिओतला माणूस सगळ्यांवर खुणा लावत होता. मॅडमनीही सगळ्यांवर लावल्या. नांदायला निघालेल्या मुलीचं सामान एकदाच काय ते बांधून टाकावं तसं त्यांना सगळंच एकदा आवरून टाकायचं होतं. दाबलं. थोडा वेळ काहीतरी फिरलं आणि झालं.

मुदखेडपासून जीव टांगणीला लागला होता तो आत्ता कुठे जागेवर आला. खात्री करावी म्हणून मोबाइलचं नेट जोडून त्यांनी पोर्टल उघडलं. नशिबाने उघडलं. चौकोनात बोट लावलं. आपला नंबर आला नाही. छान. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्याच्या वरचा नंबरही आला नाही.

त्यांनी पुन्हा बोट लावलं. पुन्हा. चौकोन कोरा. सुकन्याचं जे काही लॅपटॉपच्या ध्यानात होतं, ते सगळं मॅडमनी आपल्याबरोबर पुसून टाकलं होतं.

“आज शेवट हाय म्हणं ना बाई?” साखराबाई मोसंबी सोलत बोलत होत्या. “सुकी म्हणली, कागद हातात पडला की इथंच बसून फारम भरते. माझा तर जीव लागंना. ती जवळ आली तर ह्यांला उचलून बसवायला दोन हात होतील.”

मॅडमनी लॅपटॉप मिटला, बॅगेत घातला, बॅगेची चेन लावली. “माझी गाडी चुकेल मावशी,” असं काहीतरी त्या बोलल्या. डबा घ्यायचा राहिला. जिना उतरताना खाली खिडकीपाशी रांगेत सुकन्या उभी होती, हातात कागद, पाठ इकडे. मॅडम तिच्या मागून निघून गेल्या. मुलांना खोटं बोलल्याबद्दल भिंतीकडे तोंड करून उभं करणाऱ्या या बाई, स्वतः पदर डोक्यावर घेऊन दवाखान्याच्या दारातून सटकल्या.

बसस्टँडवर अहमदपूरची दुसरी गाडी लागली होती. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आत जाऊन बसल्या. मनात नुसता कालवा. आपण मुद्दाम केलं नाही, हे खरं. पण मुद्दाम केलं असतं तर यापेक्षा वेगळं काय झालं असतं? सुकन्याला पासवर्ड आठवणार नाही. नवा काढायला वेळ लागेल. पोर्टल फिरत राहील. सहा वाजतील. रांगेतलं एक नाव कमी. कुणी विचारलं तर लॅपटॉपलाच काहीतरी झालं म्हणता येईल, कॉम्प्युटरवर सगळा दोष जातो, तो बिचारा बोलत नाही. आणि मग जूनमध्ये आपण अहमदपूरला. रोज संध्याकाळी घरी. हे चित्र इतकं गोड होतं की मॅडमना रडू आलं.

आणि त्याच वेळी दुसरं एक डोक्यात येऊन बसलं. त्या लॅपटॉपमध्ये सुकन्याचा नंबर सगळ्यात वर होता. आठवडाभर तो लॅपटॉप मॅडमच्या खोलीत होता. एक बोट लावलं असतं तर त्या तिच्या घरात शिरल्यासारख्या आत गेल्या असत्या. सुकन्याने आपलं सगळं उघडं टाकून लॅपटॉप दिला होता, आणि देताना आपण काही मोठं देतोय असं तिला वाटलंही नव्हतं. मॅडमना ते आज, बसमध्ये बसल्यावर दिसलं.

फोन वाजला. सुकन्या.

“मॅडम, तुम्ही येऊन गेल्या म्हणं. आई सांगून राहिली. मला भेटल्या बी न्हाई. आन् मोसंबी कशाला आणली एवढी?” मागून वॉर्डातला गलका ऐकू येत होता. “डबा राहिला तुमचा. पोचल्या की फोन करा बरं का, न्हाईतर जीव लागत न्हाई.”

“सुकन्या मॅडम, लॅपटॉप उघडू नका,” त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे उघडा. लगेच उघडा. नाहीतर थांबा. मी येते.”

गाडी सुरू झाली होती. कंडक्टरने घंटी मारून थांबवली आणि बायकांचं काही खरं नसतं अशा नजरेने बघितलं. मॅडम उतरल्या. रुमाल सीटवरच राहिला.

वॉर्डात सुकन्या लॅपटॉप उघडून बसलेली. मॅडमनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मल्लिनाथ सरांचा निरोप, भीती, साखराबाईंना विचारून उघडणं, सगळ्या खुणा लावणं, मागून सटकणं. काही गाळलं नाही. साखराबाईंना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण मोसंबीची फोड हातातच राहिली.

सुकन्याने कोऱ्या चौकोनात एकदा बोट लावून बघितलं. मग म्हणाली, “पासवर्ड पुसला त्याचं काही न्हाई मॅडम. चुकून होतं. पण मी तुमच्या फारमला हात लावीन, असं वाटलं तुम्हाला.”

वाटलं होतं, हेच खरं होतं.

पुढचा वेळ कसा गेला ते दोघींनाच ठाऊक. नवा पासवर्ड काढायचा तर ओटीपी जुन्या नंबरवर जाणार, तो नंबर साखराबाईंच्या बटनाच्या मोबाइलमध्ये, आणि मोबाइल पिशवीच्या तळाशी बंद पडलेला. चार्जर होता, पण वॉर्डातलं सॉकेट ढिलं. हात सोडला की चार्जिंग जायचं. मॅडम भिंतीशी उभ्या राहून अंगठ्याने ती पिन दाबून धरून राहिल्या. अंगठा बधिर झाला तरी हात बदलला नाही. पोर्टल फिरायचं, थांबायचं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्या लहानशा मोबाइलने टुणकन आवाज केला. सुकन्याने आकडे टाकले, अर्ज भरला, डॉक्टरांचा कागद जोडला, आणि पोर्टल बंद व्हायला थोडाच वेळ उरला असताना अर्ज गेला. ती मॅडमकडे न बघता म्हणाली, “झालं.” मॅडमनी पिन सोडली. डबा कपाटावर होता. त्यांनी मागितला नाही, सुकन्याने दिला नाही.

त्या दिवशी घरी पोचायला अंधार पडला. उशीर का झाला ते त्यांनी फक्त उमाशंकरांना सांगितलं. मग उमाशंकरांनी स्वतः उठून चहा टाकला, जे ते सहसा करत नाहीत.

त्यानंतर शाळेत दोघींच्या सतरंज्या वेगळ्या झाल्या नाहीत, एवढंच. सुकन्या बोलायची, पण हजेरी घेतल्यासारखं. मॅडम भाजी पुढे करायच्या, ती नको म्हणायची नाही, पण चमचाभरच घ्यायची. डब्याचं नाव कुणी काढलं नाही. दुसऱ्याचा डबा कुणी असा ठेवून घेत नाही, आणि रिकामा परत करत नाही. भरून द्यावा असं सुकन्याच्या मनात येत नाही, याचा अर्थ मॅडमना नीट कळत होता. डब्याचं दुःख नव्हतं. घरात तसले चार आहेत.

यादी लागली. सुकन्याला लातूर जिल्हा मिळाला, तोही अहमदपूरच्या जवळचं गाव. महादेवी मॅडमचं नाव यादीत नव्हतं. कुणाला का मिळालं आणि कुणाला का नाही, ते पोर्टललाच ठाऊक. लोक हळहळले. एक-दोघांनी बोटांवर हिशेब केला की अजून एक नाव कमी असतं तर मॅडमचं जमलं असतं. मॅडमनी तो हिशेब केव्हाच केला होता. रोज झोपताना करत होत्या. त्या गाडीतून उतरलो नसतो तर, हा विचार त्यांना यायचा, आणि त्याबद्दल त्या स्वतःवर चिडायच्या, आणि तरी यायचा.

निरोपाच्या दिवशी सुकन्याला शाल-नारळ दिला. तिने सगळ्यांना नमस्कार केला, मॅडमना वाकून केला. “येते मॅडम,” एवढंच म्हणाली. डबा तेव्हाही आला नाही. मॅडम खोलीवर येऊन पोटभर रडल्या.

जून गेला. एका मंगळवारी संध्याकाळी मॅडम वह्या तपासत बसल्या असताना घरून फोन आला. पारूबाई असतील म्हणून त्यांनी उचलला, तर शिवांगी. ती आपणहून फोन करत नाही, म्हणून मॅडम आधी घाबरल्याच.

“काय झालं गं? आजी बरी आहे ना?”

“बरी आहे. आई, तुझ्या शाळेतल्या मॅडम आल्या होत्या. सुकन्या मॅडम. तुझा डबा घेऊन.”

मॅडमनी लाल पेन खाली ठेवला. “काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, आईला सांग, उशीर झाला, पण रिकामा आणवत नव्हता. आजीसोबत चहा घेतला. माझं गणित बघितलं. आता दर मंगळवारी येईन म्हणाल्या, बाजाराला येतातच म्हणे.”

“आणि डब्यात काय आहे?”

“माहीत नाही. जड आहे. आजी उघड म्हणत होती. मी नाही उघडला, त्यावर तुझं नाव आहे ना. फडताळात ठेवलाय. तू आलीस की उघडू.” शिवांगीने फोन ठेवला नाही. “आई, कधी येतेस?”

मॅडमना नीट ऐकू आलं होतं. तरी फोन कानाशी घट्ट धरून त्या म्हणाल्या, “काय म्हणालीस गं?”